लेण्यातली ठेव : नाशिकचे चार दिवस

गुरुवार

कल्याणहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस धरली आणि कसाऱ्यापर्यंत डोळा लागला. जाग आली ती घाटातल्या पहिल्या बोगद्यात. थळघाटाची चढण ३७ फुटांना १ फूट इतकी तीव्र असल्यामुळे गाडीला जादा इंजिनांचा रेटा लागतो. तो बसल्या जागी कळतो, आणि इगतपुरीला सुटला की गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता. घाटमाथ्यानंतर गव्हाची शेते आणि मग अधूनमधून द्राक्षबागा दिसू लागल्या.

मी एका परिषदेसाठी निघाले होते. उद्योग, अर्थशास्त्र, माध्यमे आणि तत्त्वज्ञान या चार क्षेत्रांतल्या वक्त्यांना एकत्र बसवून 'विश्वास' या एकाच विषयावर बोलते करायचे, अशी ती योजना होती. मी कल्याणच्या एका पतसंस्थेत २२ वर्षे हिशेब लिहिते. ठेवी घेणे, व्याज काढणे, पावत्या करणे हे माझे रोजचे काम. आणि विश्वास हा शब्द आमच्याकडे भिंतीवरच्या घोषवाक्यापलीकडे फारसा जात नाही, ही माझी जुनी खंत. म्हणून रजा टाकली, नोंदणीचे पैसे स्वतःचे भरले आणि पंचवटीत राहणाऱ्या मावशीला येते म्हणून कळवले.

नाशिकरोडला उतरून रिक्षाने शहराकडे निघाले की नोटांच्या छापखान्याचा परिसर लागतो. १९२८ पर्यंत आपल्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. त्या वर्षापासून त्या इथे छापल्या जाऊ लागल्या. त्याच्या पाच वर्षे आधी, १९२३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. रुपयाचे मोल कशावर टिकते, या प्रश्नावर तरुणपणाची वर्षे घालवलेल्या या माणसाची आठवण याच गावात मला संध्याकाळी पुन्हा व्हायची होती.

परिषद गंगापूर रस्त्यावरच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात होती. उद्घाटनाचे सोपस्कार लांबले, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. दुपारचे पहिले सत्र मात्र मी शब्द न् शब्द टिपून घेतले. बोलणारे गृहस्थ दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष निर्यातदार होते. त्यांनी यशाची गोष्ट सांगितली नाही. त्यांनी २०१० चा हंगाम सांगितला.

द्राक्षवेलीची वाढ आवरून घड चांगले यावेत म्हणून बागायतदार जे संजीवक वापरत, ज्याला सगळे 'सीसीसी' म्हणतात, त्याचे म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष त्या वर्षी युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त आढळले. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्या यादीत ते नव्हते. म्हणजे शेतकऱ्याने फवारलेले, प्रयोगशाळेने न पाहिलेले आणि ग्राहकाच्या देशात सापडलेले असे ते रसायन. माल बंदरांवर अडकला, परत फिरला, फेकला गेला. "आमच्यापैकी कुणीही खोटे बोलले नव्हते," असे ते म्हणाले तेव्हा सभागृह शांत झाले. "आम्हाला विचारले गेले त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आम्ही खरे दिले होते. जो प्रश्न कुणी विचारला नाही, त्याने आम्हाला बुडवले."

त्यानंतर तपासणीची यादी वाढली, प्रत्येक बागेची नोंदणी कसोशीने होऊ लागली, आणि आज युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरचा क्रमांक पाहून ती द्राक्षे कुठल्या गावच्या कुठल्या प्लॉटवरची, हे सांगता येते. त्यांचे म्हणणे असे की विश्वास ही मनाची गोष्ट असली तरी ती टिकते कागदावर, आणि तो कागद दुसऱ्याला वाचता आला पाहिजे. शेतकरी उत्पादक कंपन्यांविषयीही ते आस्थेने बोलले. २००२ च्या कायदा दुरुस्तीने अशा कंपन्यांना वाट करून दिली. त्यात भागभांडवल कितीही असो, मूळ तत्त्व एका सभासदाला एक मत हेच. दिंडोरीतच मोहाडीला सह्याद्री फार्म्सच्या रूपाने याचे मोठे उदाहरण उभे आहे. एक मत असले म्हणून सभासदाला ताळेबंद वाचता येतोच असे नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार भावला.

संध्याकाळी मावशीकडे पोहोचले. पंचवटीतले तिचे घर काळाराम मंदिरापासून पायी पाच मिनिटांवर. चहा झाल्यावर आम्ही दोघी मंदिरापर्यंत चालत गेलो. २ मार्च १९३० रोजी याच दारांसमोर मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. रुपयावर ग्रंथ लिहिणारा अर्थतज्ज्ञ, 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' सुरू करणारा पत्रकार आणि धर्म म्हणजे काय हे मुळापासून तपासणारा विचारवंत एकाच देहात इथे उभा होता. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत या तिन्हींची सत्रे वेगवेगळ्या दालनांत ठेवली होती.

रात्री जेवण झाल्यावर मावशीने पलंगाखालची पेटी ओढली आणि त्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. ती एका पतसंस्थेची मुदतठेवीची पावती होती. संस्था बुडून अकरा वर्षे झाली. काकांच्या निवृत्तीच्या पैशांतली ती ठेव. "तू याच कामातली आहेस," मावशी म्हणाली, "म्हणून दाखवते. काही होईल असं नाही वाटत मला. पण एकदा तू वाच." मी वाचली. पावती नियमाप्रमाणे होती. रक्कम अंकांत, रक्कम अक्षरांत, व्याजाचा दर, मुदत, दोन सह्या, गोल शिक्का. अशा हजारो पावत्या मी माझ्या हाताने लिहिल्या आहेत. घडीवर कागद इतका विरला होता की मधल्या रेघेवरची सही वाचता येत नव्हती.

शुक्रवार

आयोजकांनी सकाळी लासलगावला जाण्यासाठी गाडी केली होती, आणि वक्त्यांपैकी चौघे त्याच गाडीत होते. परिषदेतली सर्वांत मोलाची चर्चा या गाडीत झाली, असे माझे मत आहे. कालचे निर्यातदार होते, पुण्याच्या तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकबाई होत्या, शेतीमालाच्या बाजारांचा अभ्यास केलेले एक अर्थशास्त्रज्ञ होते आणि तालुक्याच्या ठिकाणी ३० वर्षे वार्ताहरकी केलेले एक पत्रकार होते.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचे नाव घेतात. आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकामागे एक लागल्या होत्या आणि लाल कांद्याचा तो किंचित उग्र, ओलसर वास गाडीतून उतरायच्या आधीच आला. लिलाव चालतो तो पाहण्यासारखा असतो. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो. एकजण हात आत घालून खालचा कांदा वर काढतो, बोटांनी दाबतो, मान तपासतो, साल चोळतो. बोली पुकारली जाते आणि एका मिनिटात पुढची ट्रॉली. चार महिने जपलेल्या पिकाचे मोल एवढ्या वेळात ठरते. आमचे अर्थशास्त्रज्ञ यावर समाधानाने म्हणाले की खुल्या लिलावात भाव सर्वांसमोर पुकारला जातो, ही मोठी गोष्ट आहे.

निफाड तालुक्यातला एक तरुण शेतकरी शेजारी उभा होता. त्याची ट्रॉली नुकतीच झाली होती. तो मला म्हणाला, "ताई, भाव इथं पुकारतात. पण ठरतो खळ्यावर." मग त्याने समजावून सांगितले. लिलावात बोली लागली की चिठ्ठी मिळते, भुईकाट्यावर वजन होते आणि ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी करायला जाते. तिथे खालचा माल वरच्यासारखा नाही असे कुणी म्हटले की पुकारलेल्या भावातून काही कापण्याची बोलणी सुरू होते. ट्रॉली अर्धी रिकामी झालेली, दिवस कलत आलेला, घर वीस किलोमीटर दूर. अशा वेळी माणूस किती भांडणार? सगळेच व्यापारी असे करतात असे तो म्हणाला नाही. तो एवढेच म्हणाला की लिलावाच्या वेळी पन्नास जण ऐकायला असतात, खळ्यावर कुणी नसते. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवरचा आकडा मी पाहिला, पण तो इथे लिहीत नाही. तो त्याचा आहे.

परतीच्या वाटेवर अर्थशास्त्रज्ञ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी निर्यात धोरणाचा अलीकडचा सगळा क्रम आम्हाला उलगडून सांगितला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये थेट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले, सप्टेंबर २०२४ मध्ये ते मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही उठले. त्यांचा मुद्दा शुल्क चांगले की वाईट हा नव्हता. कांदा लावताना शेतकरी ज्या नियमांवर हिशेब मांडतो ते काढणीपर्यंत टिकतील याची खात्री नसेल, तर तो पिकाचा जुगार होतो, असे ते म्हणाले. उन्हाळ कांदा चाळीत साठवून ठेवणारा माणूस पाच-सहा महिने पुढच्या भावावर विसंबतो. एका रात्रीच्या अधिसूचनेने त्याची चाळ तीच राहते आणि तिच्यातल्या मालाचे मोल बदलते.

पत्रकारांनी आपल्या व्यवसायाचा दोष आडपडदा न ठेवता मांडला. भाव वाढला की कांदा पहिल्या पानावर येतो, कारण वाचक ग्राहक आहे. भाव कोसळला की तो जिल्हा पानावर जातो. मग त्यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे उदाहरण दिले. सरकार दुष्काळ हा शब्दही उच्चारायला तयार नव्हते तेव्हा, ऑगस्ट महिन्यात, कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने उपासमारीने मेलेल्या माणसांची छायाचित्रे छापली आणि मग जगाला ते कळले. अमर्त्य सेन यांनी पुढे मांडलेला विचार, की मुक्त वृत्तपत्रे आणि चालती लोकशाही असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडत नाही, हा अशा अनुभवातून उभा राहिला आहे. "पण सावकाश होणारे नुकसान छायाचित्रात येत नाही," ते म्हणाले. "खळ्यावर कापलेल्या पैशाचा फोटो कसा काढायचा?"

दुपारची दोन सत्रे ठीक होती. संध्याकाळी १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात थोडा वेळ जाऊन आले.

शनिवार

सकाळी मिसळ खाऊन सभागृहात वेळेआधी पोहोचले, कारण प्राध्यापकबाईंचे भाषण होते. त्यांनी विषय निवडला होता न्याय्य व्याज. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'पण' या त्या काळच्या नाण्यात व्याज सांगितले आहे, आणि शंभर पणांना दरमहा सव्वा पण हा दर 'धर्म्य' म्हटला आहे. व्यापारी कर्जाला पाच, जंगलातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. अर्थशास्त्रज्ञांनी समोरूनच मान डोलावली: धोका वाढला की दर वाढला, हे तर आजचेच गणित. बाई म्हणाल्या, बरोबर, पण दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे धर्म्य हा शब्द फक्त पहिल्या दराला लावला आहे. बाकीचे दर चालू व्यवहाराचे म्हणून मान्य आहेत, पण त्यांना धर्माचे नाव दिलेले नाही. दुसरी गोष्ट अशी की याहून जास्त व्याज घेणाऱ्याला आणि घ्यायला लावणाऱ्याला दंड आहे, आणि तो व्यवहार ऐकणाऱ्या साक्षीदारांनाही त्याच्या निम्मा दंड आहे. "ऐकणाऱ्यांना," त्यांनी पुन्हा म्हटले. "कानावर पडले म्हणजे तुम्ही त्यात आहात."

ॲडम स्मिथ यांच्याकडे त्या तिथूनच गेल्या. ग्लासगोला नीतिशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाचा नैतिक भावनांवरचा ग्रंथ १७५९ चा आणि राष्ट्रांच्या संपत्तीवरचा १७७६ चा. पहिला विसरून दुसरा वाचण्याची जी सवय लागली तिने अर्थशास्त्राचेही नुकसान झाले आणि तत्त्वज्ञानाचेही, असे त्यांनी सांगितले. हे मी पूर्वी वाचले होते. साक्षीदारांच्या दंडाचे मात्र प्रथमच ऐकत होते, आणि ते मला आत कुठेतरी लागले.

दुपारी चारही क्षेत्रांतल्या वक्त्यांचे एकत्रित सत्र होते, आणि ज्याची सर्वांनी वाट पाहिली तेच फसले. प्रत्येकाला आठ मिनिटे, मग घंटा. एकाच्या वाक्याला दुसऱ्याने उत्तर द्यावे एवढी सवड कुणालाच नव्हती. काल गाडीत एकमेकांचे शब्द उचलून पुढे नेणारी तीच चार माणसे इथे आपापल्या खुर्चीत आपापले बोलली. परिषदा अशा का होतात याचे मला वाईट वाटते. माणसे दुरून येतात, त्यांच्याजवळ सांगण्यासारखे असते, आणि व्यासपीठाची रचनाच त्यांना वेगळे पाडते.

शेवटी प्रेक्षकांना बोलू दिले तेव्हा मी हात वर केला. प्रश्न विचारायचा होता, पण जे बोलले ते वेगळेच होते. काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने ठेवींवरचा व्याजदर कमी केला. नियमाप्रमाणे सूचना फलकावर लावायची होती. ती मी माझ्या हाताने लिहिली आणि सांगितले त्याप्रमाणे लॉकरच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळातल्या फलकावर लावली, जिथे ठेवीदार सहसा जात नाहीत. नियम पाळला गेला. तिमाही व्याज घ्यायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या खिडकीसमोर उभे राहून नोटा तीनदा मोजल्या आणि मग विचारले, "मोजण्यात माझीच चूक होतेय का?" त्यांना मी फलक दाखवायला बोळात घेऊन गेले. चष्मा वर करून त्यांनी ती सूचना वाचली, तारीख पाहिली आणि काही न बोलता गेले. "बाई आत्ता म्हणाल्या तो निम्मा दंड," मी म्हणाले, "मला लागू होतो असे मला वाटते."

सत्र तिथेच संपले. बाहेर चहाच्या टेबलापाशी प्राध्यापकबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी पांडवलेण्यांवर चला माझ्याबरोबर. तुम्ही व्याज काढता ना? मग तुम्हाला एक भिंत दाखवायची आहे." अर्थशास्त्रज्ञही तिथेच होते. मावशीच्या पावतीविषयी मी त्यांना विचारले. बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते, ही मर्यादा २०२० मध्ये वाढली. पतसंस्थेतली ठेव त्या विम्यात बसत नाही. मला हे ठाऊक होते. पण आपल्या घरच्या कागदाविषयी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे अवघड गेले.

रविवार

पांडवलेणी शहराच्या दक्षिणेला, मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या टेकडीवर आहेत. पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि १९४४ साली नाशिकातच वारलेल्या या माणसाने 'राजा हरिश्चंद्र'साठी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवली होती. भांडवल देणाऱ्यांना चित्रपटाची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी रोपट्याच्या वाढीचा एक छोटा चलत्पट तयार करून दाखवला. ज्याला पैसे मागायचे त्याला आधी काहीतरी डोळ्यांनी दिसले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पायऱ्या चढताना पत्रकार हेच बोलत होते.

वरच्या चोवीस लेण्यांपैकी दहावे लेणे नहपान विहार म्हणून ओळखतात. ओवरीतल्या खांबांचे घंटेसारखे माथे आणि त्यांवरचे प्राणी पाहण्यासारखे आहेत, पण बाईंनी आम्हाला सरळ भिंतीकडे नेले. ब्राह्मी अक्षरे सकाळच्या तिरप्या उजेडात चांगली उठून दिसत होती. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे चारही दिशांच्या भिक्षुसंघाला दिले, आणि बरोबर एक ठेव दिली, लेखातल्या कालगणनेच्या ४२ व्या वर्षी, वैशाख महिन्यात. बाई एकेक शब्दावर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत वाचत गेल्या.

ठेव ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची. त्यातले २,००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीत, म्हणजे कारागिरांच्या संघात, दरमहा शेकडा एक दराने. १,००० त्याच गावच्या विणकरांच्या दुसऱ्या श्रेणीत, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यासाठी शब्द आहे अक्षयनीवी. पहिल्या रकमेच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. २,००० वर शेकडा एकने महिन्याचे २०, वर्षाचे २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा: २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. बावीस वर्षे मी ताळे जुळवते आहे आणि जुळलेला ताळा पाहून जे वाटते ते मला नवे नाही. पण जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा, दगडात कोरलेला ताळा जुळताना पाहून माझे डोळे भरून आले. कुणीतरी भिक्षू मोजले होते, कापडाचा खर्च काढला होता आणि मग त्यावरून मुद्दल ठरवले होते. म्हणजे दानाची रक्कम ठरवायला त्याने आधी गरज विचारली होती.

दोन श्रेणी, एकच गाव, एकच धंदा, आणि दर मात्र वेगळे. निर्यातदार म्हणाले, पाऊण टक्का देणाऱ्यांची पत जास्त असणार. अर्थशास्त्रज्ञांना ते पटले. दोन्ही दर कौटिल्याच्या धर्म्य दरापेक्षा कमी आहेत, असे बाईंनी सांगितले आणि मग पुढच्या एका ओळीकडे वळल्या. "आता हे ऐका," त्या म्हणाल्या. हे सर्व 'स्रावित निगमसभाय निबध च फलकवारे'. नगरसभेत ऐकवले आणि नोंदींच्या फलकावर नोंदवले. आधी ऐकवले, मग नोंदवले. मला बोळातला फलक आठवला. पत्रकारांनी ती ओळ वहीत उतरवून घेतली. खळ्यावर ऐकणारे कुणी नसते, असे म्हणणारा तो निफाडचा मुलगा इथे असायला हवा होता असे मला फार वाटले.

गोवर्धन हे गाव आजही आहे, गंगापूर रस्त्यावरच, आमच्या सभागृहापासून पश्चिमेकडे. तीन दिवस आम्ही ज्या रस्त्यावर बसून विश्वासाविषयी बोलत होतो त्याच रस्त्याच्या टोकाला ते विणकर राहत होते.

पुढे राज्य बदलले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली जोगलटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला, त्यातल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नवा राजा आला हे लोकांना हातातल्या नाण्यावरून कळले, असे पत्रकार म्हणाले. मी दुसऱ्या लेखाकडे पाहत होते. त्याच लेण्याच्या आवारात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा तो लेख आहे, म्हणजे उषवदाताच्या ठेवीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने गोवर्धनच्या श्रेणींत पैसे ठेवले. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते, तेल गाळणारे होते. व्याज कशासाठी? आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. मी तिचे नाव दोनदा वाचायला सांगितले.

दुपारी मावशीकडे जेवायला परतले. संध्याकाळच्या तपोवनला अजून वेळ होता. तिचे गुडघे धरलेले असल्यामुळे ती लेण्यांवर बऱ्याच वर्षांत गेलेली नाही, म्हणून मी तिला सगळे सावकाश सांगितले: विणकरांची श्रेणी, शेकडा एक, वीस भिक्षू, प्रत्येकी बारा. तिने बोटांवर मोजून पाहिले आणि बरोबर आहे म्हणाली. मग द्राक्षांची पेटी दोरीने बांधता बांधता तिने विचारले, "आणि त्या कोष्ट्यांनी ते व्याज दिलं का गं? वर्षानुवर्षं?"

मी तिला विष्णुदत्तेविषयी सांगितले. शंभर वर्षांवर काळ गेला, मधे राजे बदलले, आणि तरी त्याच गावच्या कारागिरांकडे एका बाईने, आजाऱ्यांच्या औषधाचे पैसे, ठेव म्हणून ठेवले.

मावशीने दोरीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"मग दिलं असेल," ती म्हणाली.